खाला आणि समरकंदचा जिना

केजच्या बस स्टँडाबाहेर खालाचा फळांचा गाडा होता, पण तिच्याकडून फळ विकत घेणं सोपं काम नव्हतं. गिऱ्हाइकानं डाळिंबाकडे बोट दाखवलं की खाला तराजूला हातही न लावता विचारायची, "बीमार कोण हाय?" उत्तर मिळेपर्यंत तराजू हलायचा नाही. तिचं तरी काय चुकत होतं? आमच्याकडे फळ ही खायची नाही, दवाखान्यात न्यायची वस्तू आहे. धडधाकट माणसाच्या हातात सफरचंदांची पिशवी दिसली तर शेजारी काळजीनं चौकशीला येतात. एकदा माझे बाबा म्हणाले, "कुणी नाही खाला, असंच, घरी खायला." बाबा एसटीत कंडक्टर. खालानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, अर्धा किलो मोसंबी तोलून दिली आणि संध्याकाळी माझ्या आईला गाठून सांगितलं, "साहेबाचं बीपी बगून घ्या. सांगत न्हाईत ते."

आईनं खरंच बघून घेतलं. ते अगदी व्यवस्थित होतं, पण खालाचा काही विश्वास बसला नाही.

आजारी माणसाची चौकशी करण्याची तिची एक तऱ्हा होती. दुखतंय कुठं, हे ती पहिल्यांदा कधीच विचारायची नाही. गाव कोणतं, दवाखान्यात संगं कोण हाय, तुमी सकाळपासून जेवलाव का, घरी गुरांकडं कोण बगायलंय, असं लांबून लांबून यायची. एकेक फळ उचलून, दाबून, वास घेऊन तराजूत टाकायची. पाव किलो चिकू तोलेपर्यंत समोरच्या माणसानं आपल्या भावाचं दुखणं, भावजयीचा स्वभाव आणि डॉक्टरला न सांगितलेली एखादी गोष्ट खालाला सांगून टाकलेली असायची. नेकनूरकडचे एक बुवा डझनभर केळी मागत होते. बोलता बोलता निघालं की भावाला गुर्द्याचा आजार आहे. खालानं केळ्यांची फणी परत ठेवून दिली. "गुर्द्याच्या बीमाराला केळं नक्को. आदी डाक्टरला इचारून या, मंग देते." बुवा चिडून दुसऱ्या गाड्यावर गेले. तासाभरानं डॉक्टरला विचारून परत आले ते पपई मागत.

हे सगळं मी पाहिलेलं आहे, कारण माझ्या लहानपणाच्या कितीतरी दुपारी त्या गाड्यामागच्या लाकडी खोक्यावर गेल्या. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, तिची शाळा खेड्यात. माझी शाळा सुटायची आणि तिची जीप यायची यात दीड-दोन तासांचं अंतर. तेवढा वेळ मी खालाच्या ताब्यात. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही, 'मास्तरीनची पोर' म्हणायची. डाग पडलेला चिकू आणि आल्यागेल्यांची दुखणी हा माझा खाऊ. कमर, सीना, गुर्दा, जिगर, नस, तंग, सुन्न हे शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. घरी आले की आई ते एकेक करून माझ्या तोंडातून काढायची. "गुर्दा खाटकाकडे असतो. माणसाला मूत्रपिंड असतं." मराठीच्या पेपरात मार्क हवे असतील तर शुद्ध बोलायला हवं, असं तिचं म्हणणं. मी आज्ञाधारक होते. दहावीपर्यंत माझं बोलणं इतकं शुद्ध झालं की खाला हसून म्हणायची, "तुझ्याशी बोलायचं म्हनलं की मला तहसीलमदी अर्ज द्यायला गेल्यावानी वाटतंय."

दोनदा 'नीट'ची प्रवेश परीक्षा दिली. दोन्ही वेळेला सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. मग आमच्या भागातली पोरं जातात तशी मीही वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर जायचं ठरलं, उझबेकिस्तानात, समरकंदला. गावात जो तो सल्ला देत होता. थंडीचे कपडे ने, लोणचं ने, पासपोर्ट जपून ठेव. खालानं एवढंच विचारलं, "तितले लोक बोलतेत काय?"

"उझबेक, रशियन. शिकवतात तिथे."

"शिकवतेत तर ठीक. पन होस्टेलात बसून दुसरं केज करून ठिवू नको. तितल्या एकाद्या म्हातारीच्या घरी जेव. तिच्या चुलीपाशी बस. मानूस तितंच समजतंय."

मी हो म्हणाले आणि समरकंदला जाऊन अगदी उलट केलं. होस्टेलात माझ्या मजल्यावर लातूर, नांदेड, परभणी असा सगळा मराठवाडा जमलेला. मेसमध्ये वरणभात, खोलीत शेंगदाण्याची चटणी, मोबाइलवर मराठी मालिका. परकी संस्कृती समजून घ्यायची म्हणून पहिल्या महिन्यात निळ्या घुमटांसमोर, तिथली नक्षीदार टोपी घालून चाळीस फोटो काढले. त्यानंतर दोन वर्षं संस्कृतीकडे फिरकले नाही. एकदा बाजारात जाऊन मोठ्या रुबाबात 'सब्जी' मागितली. बाईनं दोन किलो गाजरं पिशवीत भरली. मी दुसऱ्या भाजीकडे हात करून पुन्हा 'सब्जी' म्हटलं, तिनं आणखी गाजरं घातली. तिकडे सब्जी म्हणजे गाजर, हे मला आठवडाभर गाजरं खाल्ल्यावर कळलं.

तिसऱ्या वर्षी मात्र वॉर्डात उभं केलं आणि माझं पितळ उघडं पडलं. वर्षाच्या शेवटी परीक्षा होती. एका पेशंटजवळ एकटीनं बसायचं, दुभाषा नाही, त्याच्याच भाषेत त्याचा आजार विचारून लिहून काढायचा. जमलं नाही तर वर्ष पुन्हा. मी रशियन आणि उझबेकची वाक्यं घोकून घोकून पाठ केली होती. पण समरकंदच्या जुन्या वस्तीतली म्हातारी माणसं घरात ताजिक बोलतात, ती एक प्रकारची फारसीच, आणि दुखायला लागलं की माणूस घरच्याच भाषेत कण्हतो. सरावाच्या दिवशी माझ्या वाट्याला एक आजी आल्या. मी पाठ केलेला प्रश्न टाकला. आजी पाच मिनिटं बोलल्या, हातवारे केले, डोळ्यांत पाणी आणलं. माझ्या कागदावर एकच शब्द होता, 'दुखतंय'. आमच्या प्राध्यापक बाई कडक. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "तू पेशंटचं ऐकत नाहीस. तू तुझ्या वहीतले शब्द तिच्या तोंडी यायची वाट बघत बसतेस."

बाहेरच्या बाकावर बसून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई नेमकी खालाच्या गाड्यापाशी उभी होती. माझा चेहरा पाहून ती घाबरली, तेवढ्यात खालानं फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"कावून रडायलीस गं?"

"खाला, मी नापास होणार. ती म्हातारी काय बोलली मला काही समजलं नाही."

"काय म्हनली ती? जशाला तसं सांग."

मला जे आवाज आठवत होते ते मी रडत रडत काढून दाखवले. "कमरम... दर्द मेकुनद... मग गुर्दा, गुर्दा असं काहीतरी..."

खालाच्या हातात मोसंबं होतं. ते तिनं खाली ठेवलं. "अगं येडे! कमरंत दर्द हाय, गुर्द्याच्या जागी! ह्यात न समजन्यासारखं काय हाय? तुला न्हाई समजलं तर आनखी कुनाला समजावं?"

मी रडायची थांबले. मूत्रपिंड मला येत होतं, किडनी येत होतं, रशियनमधलं पोच्कासुद्धा येत होतं. तो गुर्दा सोडून बाकी सगळे शब्द मी कानात घेऊन बसले होते. केजच्या पोरीला समरकंदमध्ये केजचाच शब्द ऐकू आला नाही, ही चूक आमच्याशिवाय कुणी करणार नाही. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "खालाचं ऐक." माझ्या आईच्या तोंडून हे निघणं म्हणजे काय, ते तिच्या वर्गात बसलेल्यांनाच कळेल.

पुढच्या महिन्यात मी होस्टेल सोडलं आणि जुन्या वस्तीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली. तिकडे आजीला बीबी म्हणतात, म्हणून मीही बीबी म्हणू लागले. बीबींना ताजिकशिवाय काही बोलायला आवडायचं नाही. मी स्वयंपाकघरात त्यांच्याशेजारी बसून कांदे सोलायची आणि प्रत्येक वस्तूचं नाव विचारायची. कांदा पियाज, रोटी नान, प्याला पियोला. दर दोन-तीन शब्दांमागे एक शब्द खालाच्या गाड्यावरून आल्यासारखा यायचा. सगळेच येत नव्हते हो, नाहीतर मी वर्षभर घासले कशाला असते? क्रियापदांनी माझा जीव खाल्ला. पण भीती गेली.

रविवारी दुपारी मी खालाला फोन लावायची आणि फोन मध्ये ठेवून या दोघींना समोरासमोर बसवायची. एकीची दखनी, दुसरीची ताजिक, आणि दोघींचाही आवाज असा मोठा की फोनची गरज वाटू नये. बीबी द्राक्षांचा घड दाखवून म्हणायच्या, "अंगूर!" खाला केजवरून ओरडायची, "हौ, अंगूर!" मग अनार झालं, तरबूज झालं, बदाम झाले. दोघी शाळेतल्या पोरींसारख्या टाळ्या पिटायच्या. खालानं मला फर्मावलं, "हिला केजला धाड. माजा गाडा संभाळंल."

एकदा मात्र भांडण व्हायची वेळ आली. बीबींनी माझ्या पियोलात चहा ओतला, नेहमीसारखा अर्ध्याहून कमी. खालानं ते फोनवर पाहिलं. "पोरीला येवडीच चाय? कंजूस हाय का गं ही?" बीबींना 'चाय' कळला आणि खालाचा चेहरा कळला. त्यांनी मला विचारलं, मी सांगून टाकलं. बीबी पोट धरून हसल्या. त्यांच्याकडे पाहुण्याचा प्याला भरून देणं म्हणजे आता पी आणि ऊठ. थोडा थोडा दिला म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागतो, बसून राहतो. हे खालाला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आमी आजपस्तोर समद्यांना हाकलूनच द्यायलो म्हनायचं!" तिच्या गाड्यावर आलेल्या ओळखीच्या माणसाला ती काठोकाठ चहा द्यायची आणि बशीतही सांडायची, त्यामुळे तिला ते फार लागलं.

खालाच्या औषधी ज्ञानावर मात्र मी पूर्ण विसंबले नाही, हेही सांगायला हवं. ताप कोणताही असो, ती मोसंबीच सांगायची. मलेरियाचं मी तिला जीव तोडून समजावलं, मच्छराचं चित्र काढून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बराबर हाय. पन मोसंबीनं नुकसान तर न्हाई ना?"

खाला आता केजला नसते. गुडघ्यांनी दगा दिला, उभं राहवेना, तेव्हा लेकीनं तिला परळीला नेलं. गाड्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. तो कुणालाच काही विचारत नाही. लेकीच्या अंगणात रोज सकाळी तिथल्या वीजकेंद्राच्या राखेचा थर बसतो आणि खाला रोज तो झाडते, शेजारणींच्या दुखण्यांची चौकशी करत करत. परळीच्या गाडीत बसताना ती कुणाच्या गळ्यात पडली नाही म्हणे. आईला म्हणाली, "मास्तरीनबाई, पोर आली की मला कळवा." आईनं मला हे सांगितलं तेव्हा माझी परीक्षा चार दिवसांवर आली होती, आणि मी गावी नव्हते याची मला फार खंत वाटली. आजही वाटते.

परीक्षेच्या दिवशी मला जो पेशंट मिळाला तो एक वाळका, ताठ म्हातारा होता, जुना सुतार. त्याच्या केसपेपरवर लिहिलेलं, पोटात जळजळ. माझ्या आधीच्या मुलाला त्यानं भिंतीकडे तोंड करून दोन शब्दांत वाटेला लावलं होतं. प्राध्यापक बाई खाटेच्या पायाशी उभ्या. पाठ केलेला पहिला प्रश्न होता, 'तुम्हाला काय त्रास होतो?' तो मी गिळला. खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या मोडक्या ताजिकमध्ये विचारलं, जेवलात का? संगं कोण आहे? घर कुठं आहे?

म्हाताऱ्यानं मान वळवली. कुठून आलीस म्हणाला. हिंदुस्तान म्हटल्यावर जरासा हसला. नातवाचं लग्न होतं आठ दिवसांवर. मुलगा चौथ्या मजल्यावर राहतो, लग्न तिथेच. मी विचारलं, तुम्ही रोज जात असाल मुलाकडे? पूर्वी जायचो, म्हणाला. आता का नाही? त्यानं दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि एक शब्द म्हणाला, "जिना."

जिना! आमचा जिना, मराठी शाळेतला, मधल्या सुट्टीत ज्यावरून मी दोनदा पडले होते तो. तिकडेही जिन्याला जिनाच म्हणतात. मग त्यानं छातीवर मूठ ठेवली. "सीना तंग." जिना चढताना छाती आवळते. थांबलं की जातं. किती दिवस? दोन महिने. कुणाला सांगितलं? कुणाला नाही. सांगितलं तर डॉक्टर ठेवून घेतील आणि लग्न राहील, म्हणून जळजळ सांगितली.

हे त्यानं मला विश्वासानं सांगितलं होतं, पण ते लपवण्यासारखं नव्हतं. मी उठून बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, गेलं वर्ष. मग त्यांनी नर्सला हाक मारून ईसीजी काढायला सांगितला, स्वतः म्हाताऱ्याची नाडी धरली आणि मला म्हणाल्या, "जा. पास आहेस." म्हातारा माझ्याकडे बघत होता. चेहरा रागाचा होता.

मी जिन्यावरून धावत खाली आले. अंगातलं सगळं ओझं उतरलं होतं. आईला फोन केला, बाबांना केला, बीबींना दारातच मिठी मारली. मग परळीला फोन लावला. "खाला! पास झाले!"

"झालीस ना? मला म्हाईतच होतं. कोन व्हता बीमार?"

मी सगळं सांगितलं. जिना, सीना, लग्न, सगळं. मला वाटलं, आता ती दुवा देईल, टाळ्या पिटेल. पण तिनं विचारलं, "मंग आता कसा हाय त्यो म्हातारा?"

"माहीत नाही खाला. मी परत गेलेच नाही."

"गेलीच न्हाईस?" ती रागावली नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पोरी, पास तर तू त्याच्यामुळं झालीस ना?"

त्या दिवशी मला मिठाई गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तास बुडवून वॉर्डात गेले. त्याची खाट रिकामी होती, चादर बदललेली. मीच सांगितलं होतं, माझ्यामुळेच तर काही... नर्सनं माझा चेहरा पाहिला आणि वरती बोट केलं. हृदयरोगाचा विभाग दोन मजले वर. ते दोन मजले मी कशी चढले ते माझं मला माहीत.

म्हातारा खाटेवर टेकून बसला होता आणि आपल्या मुलाशी कडाकडा भांडत होता. मला पाहून थांबला. मी दारातच उभी राहिले. त्यानं मुलाला काहीतरी सांगितलं, मुलानं उठून मला खुर्ची दिली आणि उझबेकमध्ये हळू हळू समजावलं, वेळेवर कळलं, औषध चालू आहे, आठवड्यात घरी. लग्न चौथ्या मजल्यावर होणार नाही, खालच्या अंगणात होईल. भांडण त्यावरूनच चाललं होतं, म्हाताऱ्याला अंगण लहान वाटत होतं. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "दुख्तरम, माझ्या पोरी, तू चुगली केलीस." आणि पियोलात थोडासा चहा ओतून माझ्यापुढे सरकवला.

तिथूनच मी खालाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन म्हाताऱ्याकडे फिरवला. त्यानं छातीवर हात ठेवून सलाम केला. खालानं पदर सावरून सलाम घेतला, त्याच्या तोंडावरचा रंग नीट पाहून घेतला, नख दाखव म्हणाली, तेही पाहिलं. मग एक लांब श्वास सोडला.

"अल्ला का शुकर," ती म्हणाली. "हां, आता सांग पोरी. मार्क किती पडले?"